पाळकीणबाईंची चूल

"डबं नगा आणू, बाई. माझी चूल इझली की कोपीवरची पोरं यायची न्हाईत."

दिवाळीनंतर पाळकीणबाई असं म्हणाल्या, तेव्हा स्वरूपानं हसून विषय बदलला होता. म्हातारीचा रांधायचा सोस सुटत नाही, एवढाच अर्थ तिनं काढला.

इंदापूरच्या अलीकडे, उसाच्या वाटेवर पत्र्याचं छोटं चर्च आहे. तिथल्या पाळकांची बायको मार्थाबाई, तीच पाळकीणबाई. चर्चच्या हॉलमध्ये त्या बालवाडी चालवतात. मुळात ती ऊसतोडीवाल्यांच्या पोरांसाठी. आईबाप उजाडायच्या आत फडात जातात, भाकरीही त्यांच्याबरोबरच जाते. मागं कोपीत, पाचटाच्या खोपटात, उरलेलं पोर खिचडीच्या वासानं हॉलमध्ये येतं आणि आलंच आहे तर पाटीही गिरवतं. पुढं बागायतदारांची मुलंही येऊ लागली. स्वरूपाची प्राची त्यातलीच.

स्वरूपा बारामतीच्या कॉलेजातून मायक्रोबायोलॉजी शिकलेली. पाण्याची टाकी, तांदळातले किडे, पोरांची नखं, सगळीकडे तिचं लक्ष. आयांच्या ग्रुपवर खिचडीवरून आधीच कुरबुर होती. चर्चचं अन्न खाऊन मुलं बाटतील, असंही कुणीतरी लिहिलं. ते ऐकून पाळकीणबाई म्हणाल्या, "माझ्या खिचडीत येवढं बळ असतं तर आमचं पाळक रविवारी येळंवर उठलं नसतं व्हय?"

तरी खिचडीऐवजी घरचे डबे सुरू झाले. आपापला डबा, एकमेकांत वाटायचा नाही. हा नियम स्वरूपाचाच, साथीच्या भीतीनं केलेला. चूल थंड झाली. आया एकमेकींना फुलं आणि अंगठे पाठवत बसल्या.

कोपीवरची पोरं एकेक करून गळाली. टिकली फक्त नकोशी. चौथी मुलगी म्हणून घरच्यांनी ठेवलेलं हे नाव. ते उच्चारतानाही स्वरूपाचं डोकं उठायचं. सहा-सात वर्षांची पोर, कडेवर कायम धाकटा भाऊ. एकदा प्राचीला न्यायला स्वरूपा लवकर पोचली आणि खिडकीशी थबकली. आत डबे उघडत होते. नकोशीनं भावाला उचललं, बाहेर नळावर नेलं आणि त्याला ओंजळीनं पाणी पाजलं. आतले डबे बंद होईपर्यंत ती नळापाशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तीही येईना.

आता ही पोर दिवसभर फडाच्या बांधावर असणार. तिथं मागं-पुढं होणारे ट्रॅक्टर, उसात बिबट्या असल्याची रोजची बोलणी. स्वरूपाच्या जिवाला चैन पडेना. तिनं ग्रुपवर लिहिलं, चूल परत पेटवू या. उत्तर आलं, त्यांना सवय असते हो. वर हात जोडलेलं चित्र. फोन भिंतीवर आपटावासा वाटला तिला.

ती थेट पाळकीणबाईंकडे गेली. त्यांनी ना टोमणा मारला, ना समजूत काढली. "चूल काय, आत्ता पेटवते. जेवणारी कुठं हायती?"

स्वरूपा स्कूटीवरून कोप्यांकडे गेली. तिथं पाचट, राख आणि काळवंडलेले दगड. शेताचे मालक जोतीरामआबा पाण्याची पाळी बघत उभे होते. फड संपला, टोळी सकाळीच ट्रॅक्टरवर बसून नरसिंहपूरच्या अंगाला गेली, म्हणाले. टोळीचं मूळ गाव कुठलं, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"त्यातली एक पोर शाळेत येत होती, आबा."

"येत आसंल की. त्यांची शाळा म्हंजी फड हाय तवर."

घरी नवरा, अविराज, म्हणाला, तिकडं फड काय एक आहे? रविवारी ती प्राचीला घेऊन हिंडून आली. रस्त्याकडेच्या कोप्यांवर थांबून विचारलं. कुणी विचारलं, तुम्ही सरकारी का? नकोशी मिळाली नाही. चर्चात आता रोज खिचडी शिजते आणि अर्धं पातेलं उरतं.

म्हणून स्वरूपा भेटेल त्याला सांगते, तसं तुम्हालाही सांगते. नरसिंहपूरच्या बाजूला गेलात, रस्त्याकडेला कोप्या दिसल्या, तर गाडी थांबवा. नकोशी आहे का, असं विचारा. जीभ अडखळेल, तरी विचारा. कडेवर धाकटा भाऊ असेल. शाळेचं मग बोला. दोघं जेवलीत का, तेवढं आधी बघा.