भुकटी, दांडा आणि दादाचा पाय

मी बोलतेय. थांबा, बोलतोय म्हणायला हवं का? भुकटी होते तेव्हा मी 'ती' होते. दांडा झालो तेव्हा 'तो' झालो. आता नळी आहे, म्हणजे पुन्हा 'ती'. आणि मूळचं अ‍ॅल्युमिनियम म्हणाल, तर 'ते'! माझा गोंधळ असा जन्मापासूनचा आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

मला कळायला लागलं तेव्हा मी एका बंद डब्यात होते. करडी, राखेसारखी मऊ भुकटी. माझा डबा उघडला तो धातूंवर संशोधन करणाऱ्या एका बाईने. प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. तिच्या जोडीला दळणयंत्र चालवणारा एक गडी होता. त्याला सगळे चक्कीवाला म्हणत आणि तोही त्या नावाला ओ देई.

त्या दोघांनी मला पोलादी गोळ्यांसोबत एका पिंपात भरलं. गोळ्यांना चिकटू नये म्हणून मेणासारखी चिमूटभर पूड टाकली. आतली हवा काढून घेतली, कारण इतक्या बारीक भुकटीला हवा लागली की ती पेटायला वेळ लागत नाही. हवेच्या जागी शांत स्वभावाचा वायू भरला, झाकण आवळलं आणि पिंप गरागरा फिरायला लागलं.

काय सांगू! गोळे बदाबदा अंगावर पडत होते. मी चपटी होत होते, शेजारच्या कणाला चिकटत होते, पुन्हा तुटत होते, पुन्हा चिकटत होते. माझा गुन्हा काय, तेच कळेना.

"मार खाल्ल्याशिवाय शहाणपण येत नाही बघा, ताई," बाहेरून चक्कीवाल्याचा आवाज आला.

"शहाणपण नाही हो, बळ," ताई हसून म्हणाली. "प्रत्येक कणाच्या आत आणखी बारीक दाणे असतात. ते जितके बारीक, तितक्या त्यांच्यामधल्या भिंती जास्त. भिंती जास्त, की धातू सहजासहजी सरकत नाही, वाकत नाही."

माझ्या आत भिंती उठत होत्या म्हणे. मला नुसती कणकण जाणवत होती.

पुढे त्यांनी मला एका डब्यात ठासलं, तापवून अंगातली उरलीसुरली हवा ओढून घेतली, दाबलं आणि ट्यूबमधून पेस्ट काढावी तसं साच्याच्या भोकातून बाहेर ढकललं. निघाला तो एक चकचकीत दांडा. ताईने त्याचा तुकडा कापला आणि दोन्ही टोकं पकडून ओढणाऱ्या यंत्रात अडकवला. यंत्र ओढत राहिलं, ओढत राहिलं, तुकडा मात्र जरासुद्धा लांबला नाही. मग एकदम कडाड! दोन तुकडे.

"वा! पोलादाच्या तोडीचा निघाला की!" ताईचे साहेब म्हणाले. "आणखी काय हवं?"

ताई तुटलेल्या टोकांकडे बघत राहिली. "सर, हा मोडण्याआधी काहीच सांगत नाही. माझ्या दादाच्या भाराखाली असा मोडला तर?"

त्या दिवशी मला कळलं, की हा सगळा खटाटोप तिच्या थोरल्या भावासाठी होता. तो वायरमन होता. अपघातात त्याचा पाय गुडघ्याखालून गेला आणि बदली जो पाय मिळाला, तो लोखंडासारखा जड. तो ओढताना दादा घामाघूम होई.

पण माझा गोंधळ वेगळाच होता. जो मोडला, तो मी होतो की माझा भाऊ? आम्ही एकाच डब्यातले. निम्मी भुकटी अजून डब्यात होती, आणि तीही मीच होते!

काही दिवसांनी ताईने पुन्हा दळण घातलं. या खेपेला मात्र दळलेल्या भुकटीत तिने थोडी न दळलेलीही मिसळली.

चक्कीवाल्याने कपाळाला हात लावला. "एवढं दळायचं आणि वर पुन्हा जाडंभरडं टाकायचं?"

"नुसत्या भिंती झाल्या तर त्याला घर कोण म्हणेल? मधे थोडं अंगण नको? तिथे धातूला जरा सरकायला जागा मिळेल," ताई म्हणाली.

या वेळी दांडा झालो तो मी असा: थोडा मार खाल्लेला, थोडा न खाल्लेला. माझा तुकडा यंत्रात अडकवला, तेव्हा तो आधी लांबला, मग मधोमध बारीक झाला आणि मग कुठे, बराच वेळ घेऊन, तुटला. आपण तुटलो म्हणून कुणी टाळ्या वाजवतं का? त्या दोघांनी वाजवल्या! माझ्या उरलेल्या दांड्याची नळी झाली आणि त्या नळीचा एक हलका पाय बनला.

ताईने तो दादाच्या घरी नेला. दादाने हातात घेतला, तोलला आणि परत तिच्या मांडीवर ठेवला.

"नको मला."

"अरे दादा, एकदा घालून तर बघ."

"तुझ्या प्रयोगातला उंदीर आहे का मी? अपघात झाला त्या दिवशी तुला आणायला निघालो होतो, म्हणून हे सगळं करतेस. मी तुला कधी बोल लावला? मग मला ही फेड कशाला?"

ताई मला तिथेच ठेवून निघून गेली. वहिनीने मला उचललं आणि दाराआड छत्र्यांच्या शेजारी उभं केलं. तिथे मी धूळ खात राहिले. फेड म्हणजे काय, हे छत्र्यांनाही माहीत नव्हतं.

मग एके संध्याकाळी जिन्यातले दिवे गेले. वरच्या मजल्यावरच्या आजी अंधारात अडकून हाका मारू लागल्या. वहिनी बाहेर गेली होती. जड पायाचा पट्टा नेमका तुटलेला. दादाने इकडेतिकडे पाहिलं, एक शिवी हासडली आणि मला चढवलं.

त्याने जिन्यात शिडी लावली. अपघातानंतर तो पहिल्यांदाच शिडी चढत होता. एक पायरी, दुसरी, मग सगळा भार माझ्यावर. माझ्या भिंतींनी तोलून धरलं की अंगणाने, कुणास ठाऊक! त्याने वरची तार जोडली, दिवे लागले. आजींनी तोंडभर आशीर्वाद दिले. दादा खाली उतरला, पायरीवर बसला आणि ढसाढसा रडायला लागला. मी तर चाट पडले. मी कुठे टोचले होते का? तो पडलाही नव्हता!

डोळे पुसून त्याने ताईला फोन लावला.

"तुझा हा पाय करकरतोय. येऊन बघून जा."

आता ताई आली आहे. घाईत तिने पायातल्या चपलाही काढलेल्या नाहीत. ती जमिनीवर बसून माझ्याकडे कान लावून ऐकते आहे. दादा खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवतो आहे.

"कुठे करकरतोय, दादा?"

"नीट ऐक. अजून थोडं थांब. चहा घेऊन मग परत ऐक."

वहिनीने चहा ठेवला आहे. ताईच्या गालावरून पाणी ओघळतं आहे, आणि तरी ती हसते आहे.

शपथेवर सांगते, मी करकरत नाही. कधीच करकरले नाही. पण दादा पुन्हा पुन्हा तेच म्हणतो आहे आणि ताई उठायचं नाव घेत नाही. तुम्ही माणसं आहात, तुम्हाला कळत असेल. सांगा ना, मी आता थोडी करकरू का?