लाल रेघेपर्यंतचं पाणी

प्रयोगशाळेतल्या मावशींना अख्खी शाळा मावशी म्हणायची, पण त्यांची सख्खी भाची एकच, नववीतली. आणि आज वर्गासमोर माफी मागायची पाळी नेमकी तिच्यावर आली होती. मागितली नाही, तर विज्ञान प्रदर्शनातून तिचं नाव कापणार, असं विज्ञानाच्या सरांनी ठणकावलं होतं.

गुन्हा काय, तर पोरीनं पेपरात खरं लिहिलं. बशीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवायची, वर पेला उपडा घालायचा. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढतं. सर शिकवत, की जळालेल्या ऑक्सिजनची जागा पाणी घेतं. हवेत ऑक्सिजन एक पंचमांश, म्हणून पाणीही बरोबर एक पंचमांश, पेल्यावरच्या लाल रेघेपर्यंत. भाचीनं लिहिलं, 'तसं असतं तर ज्योत जळताना पाणी हळूहळू चढलं असतं. ते चढतं विझल्यावर, झपकन. ज्योतीनं हवा तापून फुगते, मग गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते.' सरांनी भला मोठा भोपळा दिला.

मावशींना तो भोपळा स्वतःलाच मिळाल्यासारखा झोंबला. पाणी रेघेवर कुणाच्या कृपेनं थांबतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मेणबत्ती जाड असली की पाणी रेघ ओलांडायचं, बारीक असली की खालीच राहायचं. "बरोबर बसेल ती काढून ठेवा," एवढंच सर सांगत. मग मावशी आदल्या दिवशी चार-पाच मेणबत्त्या लावून बघत आणि बरोबर बसेल ती टेबलावर ठेवत. पंधरा वर्षं हेच चाललं होतं.

प्रयोगशाळेत, टेबलावर मांडून ठेवलेल्या बशी-पेल्याशेजारी भाची वर्गासमोर उभी राहिली. माफीचा कागद तिच्या हातात होता.

"वाच," सर म्हणाले.

"थांब गं," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी बशीत एकाऐवजी तीन मेणबत्त्या रोवल्या.

"मावशी, हे तुमचं काम नाही."

"माझंच आहे सर. पंधरा वर्षं मीच मांडतेय."

तिन्ही पेटवून त्यांनी तोच पेला उपडा घातला. काठाखालून बुडबुडे सुटले, फुगलेली हवा बाहेर पळाली. ज्योती विझल्या आणि पाणी रेघ मागे टाकून चांगलं दोन बोटं वर गेलं.

"पेला तोच, हवा तेवढीच," मावशी म्हणाल्या. "मग ऑक्सिजन वाढला कुठून?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. सर लालबुंद झाले. "मी मुख्याध्यापकांकडे जातो. तुमची नोकरी राहायची नाही!"

"चला की, मीही येते. आधी हे उरकू."

 मावशींनी भाचीच्या हातातला कागद काढून घेतला, तिला बसवलं आणि त्या वर्गाकडे वळल्या.

"माफी हवी होती ना? मी मागते. पाणी रेघेवर यावं म्हणून मेणबत्ती मी निवडत होते. तुम्हाला फसवलं, तुमच्या आधीच्या पोरांनाही फसवलं. चुकलं माझं."

मग त्यांनी तो कागद सरांपुढे धरला.

"घ्या सर. आता तुम्ही."