बर्फावरचा पिवळा डाग

मी ब्रेकचं पेडल बोलतोय. अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या लाइल हॉल्वर्सनच्या जुन्या गाडीत, स्टिअरिंगखालच्या अंधारात माझा मुक्काम असतो. तिथून मला माणसाचं तोंड दिसत नाही, फक्त बूट दिसतो. पण बुटावरूनही माणूस बराच कळतो.

कारखान्यात मला रबराचं पायताण चढवलं आणि एकच शिकवण दिली: पाय पडला की विरोध करायचा. हा विरोध माझा एकट्याचा नसतो. माझ्यामागे नळ्यांमध्ये तेल असतं, ते दाबाला उभं राहतं, म्हणून मी उभा राहतो.

लाइलचा गाडीवर फार जीव. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून आमच्या रस्त्यांवर इतकं मीठ टाकतात, की गाव लोणच्याला घातलंय असं वाटावं. म्हणून दर शनिवारी तो गाडी धुवायला नेतो. टप, दारं, काचा, सगळं चकचकीत. खालून फवारा मारायचं बटण तिथंच असतं, पण ते त्याने कधी दाबलं नाही. शेजाऱ्यांना जे दिसत नाही, ते धुऊन काय उपयोग?

जानेवारीत मागच्या चाकापाशी बर्फावर पिवळा डाग दिसू लागला.

"आर्डिसचं कुत्रं," लाइल म्हणाला.

आर्डिस शेजारीण, मफिन तिचा कुत्रा. पण आमच्याकडे तक्रार तोंडावर करत नाहीत. तक्रार गावाला सांगायची, म्हणजे ज्याची त्याला पोचते. दर शुक्रवारी सगळं गाव एकत्र मासे खायला जमतं, त्या जेवणात लाइलने ती टेबलाटेबलावर वाढली.

त्याच संध्याकाळी परतताना, उतार संपतो त्या चौकात, त्याने माझ्यावर पाय ठेवला आणि मी सरळ तळाला गेलो. त्याने घाईघाईने दोन-तीनदा दाबल्यावर मी थोडा वर आलो. गाडी थांबली. नाकासमोरून दुधाचा टँकर भोंगा वाजवत गेला.

"थंडीने आखडलंय," लाइल म्हणाला.

"आखडलेलं खाली जातं होय?" त्याची बायको वर्ना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने बॉनेट उघडलं. ब्रेकचं तेल कमी होतं, तेवढं ओतलं आणि हात झटकले. आधीचं तेल गेलं कुठं, हे त्याने विचारलं नाही.

रविवारी नात टेसा स्केट्स मांडीवर घेऊन मागे बसली. गोठलेल्या तळ्यावर जायचं होतं, त्याच उतारावरून. गाडी अजून दारातच होती. निघण्याआधी लाइलचा पाय पडला. मला ओरडता येत नाही. खाली जाणं एवढीच माझी भाषा. मी पुन्हा तळाला गेलो.

"बघ, दाबलं की येतंय वर," लाइल वर्नाला म्हणाला.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. आर्डिस उभी होती.

"लाइल, मफिनबद्दल कानावर आलं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग झालं, तेव्हापासून तो ॲरिझोनात आहे, माझ्या बहिणीकडे. त्याला संधिवात आहे ना. उन्हात मजेत पडलेला असतो."

लाइलचा बूट माझ्यावरून हळूच मागे सरकला.

वर्ना उतरली. चाकामागे वाकून तिने डागाला बोट लावलं, चोळून बघितलं.

"लाइल, कुत्र्याचं तेलकट नसतं. टेसा, उतर बाळा."

मेकॅनिकने गाडी उचलून नेली. मिठाने खाल्लेली मागची नळी त्याच्या चिमटीत खारी बिस्किटासारखी चुरली. त्याने नवी नळी घातली, नवं तेल भरलं, आत शिरलेली हवा काढली. आता मी पुन्हा ताठ उभा आहे.

लाइलने पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना सांगितलं, "मला पहिल्यापासून संशय होता." आर्डिसची माफी मात्र मागितली नाही. सबंध हिवाळा तिच्या दारातला बर्फ तेवढा तो न बोलता उपसत राहिला. आमच्याकडे यालाच माफी म्हणतात.

माझं मागणं एवढंच आहे. मी एकाएकी तळाला गेलो, तर दाबून वर आला म्हणून बरा झाला असं समजू नका. गाडी जागीच ठेवा, उतरा, चाकामागे वाकून बघा. आणि आळ घालायचाच असेल, तर कुत्रं गावात आहे का, एवढं तरी आधी विचारा.