मीठ लावलेली बाहुली

विष्णुपंतांना मी आवडत नव्हते आणि मला ते डोळ्यांसमोर नको असायचे. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भांडणाचं मूळ म्हणजे माझा रविवार. दर रविवारी मी गच्चीवर पोरं जमवून त्यांना फार जुन्या लोकांच्या गोष्टी सांगायचे. नाईलच्या पुरात वाहून गेलेली शेळी, बाबिलोनच्या भिंतीवर विटा चढवणारी बाई, मोहेंजोदडोच्या गल्लीत हरवलेलं माकड. उल्हासनगरच्या दुकानांतून रिकामी खोकी आणून आम्ही गच्चीवर पिरॅमिडसुद्धा उभा केला होता. विष्णुपंत त्याला 'म्हसणातली शाळा' म्हणायचे. आपले देव सोडून पोरांना परक्या मुलखातली मढी कशाला, असं ते जिन्यातून ओरडायचे. मी वरून सांगायचे, तुमच्या शिव्या शिकण्यापेक्षा बरं.

त्र्याण्णव साली श्रावणात त्यांची सून शैला काविळीने गेली. मुलगा मधु आनंदनगरच्या एका कारखान्यात पाळ्या करायचा. त्यामुळे त्याची सात वर्षांची रेवा दिवसभर आजोबांच्या तावडीत असायची.

दसऱ्याआधीच्या अमावस्येला सकाळी माझ्या उंबऱ्यात काहीतरी धाडकन आदळलं. बाहेर येऊन बघते तर चपलांचं खोकं, आणि त्याच्यापलीकडे विष्णुपंत.

"करणी करतेस माझ्या घरावर? माझी सून खाल्लीस!"

एरवी ते मला अहोजाहो करायचे. आज थेट एकेरीवर आले होते. त्यांच्या आवाजाने सगळा जिना गोळा झाला. साफसफाई करताना माळ्यावर हे खोकं सापडलं, असं ते प्रत्येकाला सांगत होते. आत हळद लावलेली, चिंध्यांनी करकचून गुंडाळलेली बाहुली होती. तिच्याखाली मिठाचा थर, शेजारी फुटक्या बांगड्या, फणीतून काढलेल्या केसांचं गुंतवळ आणि काजळाची डबी.

"केस शैलाचेच हायेत. मी सांगते ना," तळमजल्यावरच्या बनूबाई म्हणाल्या आणि दोन पायऱ्या मागे सरकल्या. "ह्या बाईची बात मला पहिल्यापासून सरळ नव्हती वाटत."

बाहुलीच्या तोंडावर काजळाने दोन मोठे डोळे काढले होते, कानापर्यंत लांबवलेले. तसे डोळे मीच उन्हाळ्यात गच्चीवर, नाईलकाठच्या मीठ लावून गुंडाळलेल्या राजाची गोष्ट सांगताना, खडूने काढून दाखवले होते. बाहुली कुणी केली ते मला कळून चुकलं. खरं सांगितलं असतं तर म्हाताऱ्याने रेवाला फोडून काढलं असतं, आणि गप्प राहिले तर चेटकीण म्हणून मला बिल्डिंगमधून घालवलं असतं.

"खोकं इकडे द्या," मी म्हटलं.

"तुझ्या हातात? ही आत्ता इथे जाळायची. करणीला दुसरा उतारा नाही." त्यांनी खरोखरच घरातून रॉकेलची बाटली आणली आणि बाहुली दारासमोरच्या फरशीवर टाकली.

"जाळू नका!"

रेवा गर्दीतल्या पायांमधून घुसून पुढे आली आणि बाहुलीवर पालथी पडली. "एकदा जाळलंत ना! परत कशाला जाळता?"

कोणाला काही कळेना. मग ती रडत रडत, अडखळत सांगू लागली. "आईला जाळलं. तिचं अंगच नाही राहिलं. वृंदामावशीच्या गोष्टीतल्या राजाचा जीव रात्री परत येतो, पण अंग नसेल तर तो बसणार कुठे? म्हणून मी अंग केलं. मीठ लावलंय, म्हणजे कुजणार नाही. बिस्किटं पण ठेवलीत."

खोक्याच्या कोपऱ्यात खरंच अर्धा पुडा होता.

"ऐकलंत?" विष्णुपंत सगळ्यांकडे वळले. "काय भरवलंय पोरीच्या डोक्यात! मेलेल्या माणसाला बिस्किटं!"

माझं डोकं फिरलं. "आणि तुम्ही भटजींना छत्री आणि चपला दिल्यात त्या कुणासाठी? शैलाचे पाय वाटेत भाजू नयेत म्हणूनच ना? जिवंत होती तेव्हा तिला डॉक्टरकडे नेलं नाहीत. काविळीची माळ गळ्यात घालून घरात बसवून ठेवलीत. करणी कुणी केली, ते सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे!"

बोलायचं नव्हतं, पण बोलले, आणि बोलल्याचं मला बरं वाटलं. त्यांचं तोंड वाकडं झालं, पण माघार घेतील ते विष्णुपंत कसले! नातीला दंडाला धरून त्यांनी बाजूला ओढलं, बाहुलीवर रॉकेल ओतलं आणि काडेपेटी काढली. पहिली काडी मोडली.

तेवढ्यात मधु आला. रात्रपाळी करून नुकताच झोपला असावा, डोळे तांबारले होते. त्याने वाकून बाहुली उचलली. रॉकेलने हळद धुऊन जाऊन चिंधीचा पोपटी रंग वर आला होता. शैला सणाला नेसायची ती साडी. मधुने ती चिंधी अंगठ्याने जरा चोळून पाहिली. बापाकडे पाठ फिरवून तो माझ्याकडे वळला.

"वृंदाताई, रेवा आता गच्चीवर येणार नाही. पुरे झाल्या तुमच्या गोष्टी."

मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. बायको मरत असताना ह्याची वाचा गेली होती, आणि आता आवाज फुटला तो माझ्यावर. पण बाहुली छातीशी धरून, खोकं काखेत मारून तो घरात गेला. रॉकेलने त्याचा बनियन भिजत होता.

रेवा तिथेच उभी होती. माणसं पांगायला लागली, तसे विष्णुपंत जरा नरमले. "चल गं घरात," म्हणून त्यांनी हात पुढे केला. तिने तो धरला नाही. नाक पुसलं आणि वर बघून अगदी सरळ आवाजात म्हणाली,

"आजोबा, तुम्ही मेलात ना, तर तुमची बाहुली मी करणार नाही."

'असं अभद्र बोलू नये' म्हणून पोरांना दटावणाऱ्यांची आमच्या जिन्यात कधी वानवा नव्हती. त्या दिवशी कोणी तोंड उघडलं नाही. विष्णुपंत काडेपेटी हातात धरून पायरीवर खाली बसले आणि पोर त्यांच्या बाजूने आत निघून गेली. मीही तिला दटावलं नाही. दटावायला हवं होतं, असं मला आजही वाटत नाही.