रडणे थांबले तेव्हा

रडणे थांबले, आणि त्या शांततेत बेबीनंदाचे पेनही थांबले.

खिडकीबाहेर, मैदानाच्या टोकाला, कडूलिंबाखाली तिच्या सासू तुळजाबाई दोन महिन्यांचे बाळ घेऊन बसल्या होत्या. दहावीची परीक्षा सुरू झाल्यापासून ते रोज रडायचे. ते रडणे बाकांमधून वाट काढत नेमके तिच्यापाशी येई आणि तिची चोळी ओली होई. आज, इतिहासाच्या पेपरला, ते मध्येच तुटले होते. छाती मात्र भरून येत होती. बाहेर विझलेला आवाज जणू आता आतून हाका मारत होता.

ती उभी राहिली. "सर, लेकराला पाजून येऊ द्या."

केंद्रसंचालक सर्जेराव सर दारातच होते. "पेपर संपल्यावर पाज. मध्येच गेलेल्याला परत घेता येत नाही."

"आत्ता रामकिसन लघवीला जाऊन आल्ता की!"

मागे खसखस पिकली. सरांनी नजर चुकवली. "ते वेगळं. पाजण्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही."

"लिहिलं न्हाई म्हंजी मनाई हाय का, सर?"

"बैस खाली."

ती बसली. लग्नात सुटलेली शाळा पुन्हा धरायला सासऱ्यांनी या एकाच वर्षाची मुभा दिली होती. तिने १८५७च्या उठावाचे पहिले कारण लिहिले. दुसरे लिहिताना तुळजाबाईंचे सकाळचे बोल आठवले: "आज बिनघोर लिही, बेबी. त्यो बिलकुल रडणार न्हाई."

तेव्हा ते आशीर्वादासारखे वाटले होते.

निंदायला जाणाऱ्या बाया लेकरांना अफूचे बोट चाटवून बांधावर निजवत. बहुतेक लेकरे दिवस मावळताना जागी होत. तिची धाकटी बहीण मात्र जागी झालीच नव्हती. त्या बहिणीचे नाव घरात कुणी काढत नसे.

पेपर तसाच टाकून ती धावली.

"आत्याबाई, काय दिलं ह्याला?"

"सकाळी जरासं दिल्तं. तरी रडून राह्यलं, मंग अजून एक बोट दिलं." तुळजाबाई बाळाचे गाल थोपटत होत्या. "तुझा पेपर व्हता ना, बाई. तुझ्या नवऱ्यालाबी असंच वाढवलं म्या."

बेबीनंदाने बाळाला पदराआड घेतले. ओठ उघडलेच नाहीत. श्वास होता, पण एक येऊन गेला की दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती.

व्हरांड्यातून सरांची हाक आली. त्या आवाजात आता नियम उरला नव्हता.

"बेबीनंदा, पाजून लगेच ये! मी बसू देतो तुला, जबाबदारी माझी. येतेस ना?"

तिने वळूनही पाहिले नाही. बाळाला उराशी धरून ती फाटकाबाहेर पडली आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली.