जावयाच्या कानफटात

आकाराम सुभेदारांनी सव्वीस वर्षं फौजेत काढली, सरहद्दीवरचा बर्फ तुडवला, आणि कानफटात खाल्ली ती आपल्याच तालुक्याच्या बाजारात. मोटरसायकल बाजूला घ्यायला जरा उशीर झाला, एवढंच निमित्त. नवा आलेला फौजदार वीरधवल, पोराच्या वयाचा. दिली ठेवून! अख्खा बाजार बघत होता. पण साक्षीला चला म्हटलं, की ज्याला त्याला नेमकं तेव्हाच वांग्याचा भाव विचारायचा होता म्हणे.

सुभेदारांनी पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या कचेरीत अर्ज धाडला. फौजदारानं भर बाजारात माफी मागावी, एवढीच मागणी. सुनावणी चार दिवसांवर आली तरी साक्षीदार मिळेना, आणि त्याच्याशिवाय अर्ज फायलीत पडून राहणार हे उघड होतं. खरं तर एक साक्षीदार घरातच भाकरी थापत होती. त्यांची बायको राहीबाई त्या दिवशी मोटरसायकलवर मागंच बसलेली होती.

"मी न्हाई यायची," ती म्हणाली. "आवं, एका चापटीनं काय झिजला न्हाई तुमी."

हे मात्र सुभेदारांना चापटीपेक्षा जास्त लागलं.

त्याच दुपारी फौजदार स्वतः दारात हजर. साध्या कपड्यात, हातात कंदी पेढ्यांचा पुडा.

"आत्या, वळखलं का? मी सांगलीकडचा, तुमच्या बोरखिंडीचा. नाथाजींचा नातू."

झालं! माहेरचं मांजर आलं तरी त्याला दूधभाकरी घालणारी बाई ती. चहा झाला, शिरा झाला, गावातल्या प्रत्येक घराची चौकशी झाली. सुभेदार कोपऱ्यात धुमसत बसले. संपली आपली तक्रार, त्यांच्या मनात आलं.

बशी पुसून घेत फौजदार लाडात म्हणाला, "आता घरचंच झालं, आत्या. मामांना म्हणावं, अर्ज मागं घ्या."

राहीबाईचा हात थांबला.

"म्हंजी बोरखिंडीच्या पोरानं बोरखिंडीच्या जावयाला मारलं? आरं, गावचा जावई आला तर आमच्याकडं म्हातारी माणसं उठून जागा देत्यात!"

"मला काय ठावं, आत्या, त्ये जावई हायेत म्हणून..."

"आन जावई नसता तर मारायचं व्हय रं?"

फौजदाराला चपला नीट घालायलाही सुचलं नाही. पेढ्यांचा पुडा तिनं त्याच्या मागोमाग अंगणात नेऊन हातात दिला. आत येऊन म्हणाली, "कुठाय त्यो कागद? साक्षीदार म्हणून माझं नाव घाला."

सुभेदारांना आनंद झाला आणि रागही आला. "एवढे दिवस गयावया करत व्हतो, तवा का न्हाई आलीस?"

राहीबाई डोळ्याला पदर लावत म्हणाली, "लय भ्या वाटत व्हतं वो. तुमाला आत घालून आनकी मारतील, असं रोज वाटायचं. पर तवा त्यो फौजदार व्हता. आता नाथाजीचा नातू हाय. त्येला कोण भितंय?"