कोरं लाकूड

"आजोबा, रोज काहीतरी लाकूड कुरतडायला द्यायचं हं त्यांना. नाहीतर दात वाढत जातात, आणि मग खाताच येत नाही. विसरायचं नाही!"

नातीचे हे जाताजाताचे शब्द आजींच्या कानात सकाळपासून घुमत होते. समोर आजोबा काचेच्या पेटीपाशी स्टुलावर बसले होते. चहा केव्हाचा निवला होता. पेटीत कागदाच्या कात्रणांच्या ढिगात धाकटी अंग चोरून बसली होती. परवापर्यंत तिच्या अंगाला अंग लावून थोरली असायची.

ही दोन जर्बिलं नातीची. उंदराहून जराशी मोठी, शेपटीला झुबका, डोळे काळ्या मण्यांसारखे. मुलाची बदली झाली, नव्या घरात प्राणी ठेवायला मनाई निघाली, म्हणून पेटीसकट ती इथं आली. "उंदीर तो उंदीर, काचेत बसवला म्हणून काय पाहुणा होतो?" असं आजी पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. आठवडा उलटायच्या आत भाजी निवडताना गाजराचं टोक बाजूला ठेवू लागल्या, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

आजोबांचा जन्म फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करण्यात गेला. कोरं लाकूड हातात आलं की त्यांना कुणी उघडं मूल दिल्यासारखं वाटायचं. अंगावर काही चढवल्याशिवाय ते खाली ठेवणं त्यांच्याच्यानं होत नसे. नात म्हणाली लाकूड द्या; यांनी बिनगाठीचा तुकडा निवडला, त्याची इवलीशी शिडी केली, पायरीन् पायरी घासून गुळगुळीत केली आणि वर लॅकरचे तीन हात मारले. शिडी आरशासारखी झाली.

"अहो, आपल्या पलंगाचेसुद्धा कधी एवढे लाड केले नाहीत तुम्ही," आजी म्हणाल्या होत्या.

"पलंग काय कुणी खाणार आहे?" आजोबा हसून म्हणाले होते. बोलले, आणि आपणच काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. आजींच्याही नाही.

धाकटी मुलखाची भित्री, ती शिडीपासून लांबच राहिली. थोरली मात्र दिवसभर त्या शिडीवर दात चालवायची. काल सकाळी ती एका कुशीवर पडली ती उठेचना. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुरतडायला काय देत होता?" आजींनी तोंड उघडायच्या आत आजोबांनी पिशवीतून शिडी काढून टेबलावर ठेवली.

"हे. माझ्या हातचं आहे. लॅकर मारलंय."

बाईंनी शिडी उलटसुलट करून पाहिली. पायऱ्यांवर बारीक दातांच्या खुणा होत्या. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काम फार सुंदर आहे हो, आजोबा. पण यांना पॉलिश नको, रंग नको, गोंद नको. प्लायवूड नको, चीड-देवदारही नको. कोरा पुठ्ठा चालेल, त्यावर छपाई नसावी. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे सफरचंदाची फांदी. फवारणी न केलेली, धुऊन वाळवलेली."

"आणि हिचं काय?" आजोबांनी विचारलं.

बाईंनी थोरलीच्या अंगावरचं फडकं नुसतं तिच्या तोंडावर ओढलं.

आजींनी रात्रीच मुलाला कळवलं होतं. आज त्याचा फोन आला तो सगळं ठरवूनच. "बाबा, म्हातारपणानं गेली म्हणून सांगा. पोरगी रडून आजारी पडेल उगाच. आणि उरलेली मी रविवारी येऊन दुकानात परत देतो. तुमच्या मागंही कटकट नको."

"बरोबर बोलतोय तो," आजी म्हणाल्या. "एवढंसं खोटं देवही पोटात घालील."

"देव घालील गं. त्याचं पोट मोठं आहे. उद्या पोर मोठी होईल, लॅकरच्या डब्यावरचं वाचायला लागेल. ती कुठं घालणार?"

हा माणूस आजींना नवा नव्हता. एकदा एक गिऱ्हाईक नव्या कपाटावर खूश होऊन हात फिरवत असताना यांनीच पुढं होऊन दाखवलं होतं, इथं भेग होती, पुट्टी भरून झाकलीय, घ्यायचं तर बघून घ्या. मालक चार दिवस बोलला नव्हता. त्या दिवशी आजींनी कपाळाला हात लावला होता, आणि देवापुढं उभं राहिल्यावर मात्र मान जरा ताठच झाली होती.

आजोबांनी स्पीकर लावून नातीला फोन केला.

"आजोबा! कशा आहेत दोघी?"

"थोरली गेली, बाळा. माझ्या हातून गेली." आणि त्यांनी शिडीचं सगळं सांगितलं, काही मागं न ठेवता.

पलीकडून बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. मग बारीक आवाज आला, "तुम्हाला माहीत नव्हतं ना पण?"

"नव्हतं. पण लाकडातलं मला सगळं कळतं असं वाटलं, म्हणून कुणाला विचारलंच नाही. ऐक, तुझे बाबा म्हणतात धाकटीला दुकानात परत देऊ. माझ्यावर भरवसा ठेव असं मी कुठल्या तोंडानं सांगू? तू म्हणशील तसं."

आजींनी पदर मुठीत घट्ट धरला.

"दुकानात तिला कुणी ओळखत नाही," नात म्हणाली. "तुमच्याकडंच राहू दे. कोरं लाकूड द्याल? अगदी कोरं?"

"अगदी कोरं."

"आज?"

"आज आणतो. दिवस मावळायच्या आत."

"आणि आजोबा... आधी आजीला दाखवा हं."

"झालं! आता साहेब आल्या घरात," आजोबा म्हणाले, आणि आजींना एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं.

फोन ठेवल्यावर आजोबांनी पलंगाखालचं तुकड्यांचं पोतं ओढलं. हा प्लायचा, याला गोंद. हा चिडाचा, राळेचा वास मारतोय. हा जुन्या खुर्चीचा पाय, याच्यावर कधीकाळचा रंग. पोतं रिकामं झालं.

"जन्मभर लाकडात वावरलो," ते म्हणाले, "आणि द्यायला बोटभर लाकूड नाही घरात."

"गल्लीच्या टोकाला पोस्टमनभाऊजींचं सफरचंदाचं झाड आहे की."

"फवारत असले तर?"

"ते? अंगणातला पाचोळा उचलायचा कंटाळा त्यांना, फवारतात कसले!"

"तरी विचारीन," आजोबा म्हणाले.

ते उठून नळाशी गेले. साबण लावून हात चोळले, नखांच्या कडा ब्रशनं खरडल्या, बोटं नाकाशी नेली. पुन्हा साबण लावला. मग ओले हात तसेच आजींपुढं धरले. "बघ गं, लॅकरचा वास येतोय का अजून?"

आजींनी ती बोटं हातात घेऊन हुंगली. उशीला, सदऱ्यांना, घराच्या हवेलाच तो वास इतकी वर्षं होता.

"मला नाही सांगता यायचं," त्या म्हणाल्या. "मला तुमचा वास म्हणजे तोच."

आजोबांनी मान हलवली आणि आणखी एकदा हात धुतले. मग छोटी सुरी रुमालात गुंडाळून खिशात घातली, पायांत चपला सरकवल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.